ज्यूरी ड्यूटी टाळू नका, तारीख बदलून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सनीव्हेलला राहता, अलीकडेच अमेरिकेच्या नागरिक झालात आणि सँटा क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाकडून ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळात बसण्याचं, पहिलंच समन्स आलं आहे. नेमक्या त्याच आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, नवरा पुण्याला गेलेला असेल, धाकटा चार वर्षांचा आहे आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल. त्यात सासूबाईंनाही तसंच पत्र आलंय, आणि त्या ग्रीन कार्डवर आहेत. मैत्रीण म्हणते, “इंग्रजी येत नाही म्हणून सांग, लगेच सोडतात.” तर नक्की काय करायचं?

मी कॅलिफोर्नियात बरीच वर्षं फौजदारी खटले लढवते आहे. ज्यूरी निवडताना प्रश्न विचारणाऱ्यांपैकी मी एक असते, त्यामुळे लोक काय कारणं सांगतात आणि त्यांचं पुढे काय होतं हे रोजच बघते. तुमच्यासाठी उत्तर सरळ आहे: आजच तारीख पुढे ढकलून घ्या. सासूबाईंच्या फॉर्मवर “नागरिक नाही” अशी खूण करून, त्यांची सही घेऊन तो परत पाठवा, तोही आजच. मैत्रिणीचा सल्ला अजिबात ऐकू नका.

सासूबाईंचं आधी बोलते, कारण चूक झाली तर ती तिथे फार महागात पडेल. कॅलिफोर्नियात ज्यूरीसाठी नावं मतदार यादीतून आणि डीएमव्हीच्या (वाहन परवाने आणि ओळखपत्रं देणारं सरकारी खातं) नोंदींतून निघतात, आणि २०२२ पासून राज्याचा आयकर भरणाऱ्यांची यादीही त्यात धरली जाते. म्हणजे सासूबाईंनी डीएमव्हीतून नुसतं ओळखपत्र काढलेलं असलं तरी त्यांचं नाव निघू शकतं. त्या नागरिक आहेत की नाही हे कोर्टाला आधी माहीत नसतं. ते विचारण्यासाठीच तो फॉर्म असतो. यात त्यांच्यावर कसलाही ठपका नाही. तरी आपल्याकडची वडीलधारी माणसं कोर्टाचं पत्र बघून घाबरतात. काहीजण ते कपाटात ठेवून देतात, काहीजण “सरकारने बोलावलंय तर जायला हवं” म्हणून हजर राहायला निघतात. दोन्ही करू नये.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती मुला-सुनांनी मोबाइलवर घाईघाईत भरलेल्या फॉर्मची. “तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?” याला चुकून “हो” झालं आणि ते तसंच सही होऊन गेलं, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. इमिग्रेशनच्या कायद्यात त्याचे परिणाम अतिशय कडक आहेत, अगदी देशाबाहेर काढण्यापर्यंत. म्हणून फॉर्म समोर घेऊन बसा, प्रत्येक प्रश्न त्यांना मराठीत सांगा, उत्तर त्यांच्या तोंडून घ्या आणि सही त्यांनाच करू द्या. ती सही खोटं बोलल्यास शिक्षेस पात्र राहण्याच्या अटीवर असते. पाठवण्याआधी एक फोटो काढून ठेवा. उद्या त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला, तर ही प्रत हाताशी असलेली बरी.

आता तुमचं. आधी समन्सवर कोर्टाचं नाव वाचा. “सुपीरियर कोर्ट” असेल तर ते राज्याचं कोर्ट. “युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट” असेल तर फेडरल म्हणजे केंद्राचं, आणि त्याचे नियम, भत्ता, वेळापत्रक सगळंच वेगळं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं राज्याचंच आहे, म्हणून पुढचं सगळं कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांबद्दल.

इथल्या नियमांत एक वाक्य फार स्पष्ट आहे: ज्यूररची किंवा त्याच्या मालकाची गैरसोय हे ड्यूटीतून सूट देण्याचं कारण होऊ शकत नाही, पण तारीख पुढे ढकलण्याचं होऊ शकतं. तुमचं रिलीज, नवऱ्याचा पुण्याचा दौरा, सासूबाईंचं ऑपरेशन ही सगळी तात्पुरती अडचण आहे, आणि तात्पुरत्या अडचणीला कोर्टाचं पहिलं उत्तर “नंतर या” असंच असतं. समन्सवरचा नंबर घेऊन वेबसाइटवर किंवा फोनवर पहिल्यांदा तारीख बदलून मागितली तर ती सहसा विनातक्रार मिळते. त्यासाठी लांबलचक पत्र लिहू नका, डॉक्टरांचा दाखला शोधत बसू नका.

नवी तारीख मात्र विचार करून निवडा. बहुतेक लोक इथे फक्त तो एक आठवडा मोकळा आहे का एवढंच बघतात. त्या आठवड्याबरोबर त्याच्या पुढचे दोन आठवडेही बघा. कॅलिफोर्नियात “एक दिवस किंवा एक खटला” अशी पद्धत आहे: बोलावल्यावर त्या दिवशी कुठल्या खटल्यावर नेमणूक झाली नाही तर तुमचं काम तिथेच संपतं, पण नेमणूक झाली तर तो खटला संपेपर्यंत जावं लागतं. साधा खटला काही दिवसांत आटोपतो, मोठा आठवडे चालतो. म्हणून नवरा घरी आहे, शाळेची सुट्टी नाही, सासूबाई जिने चढू लागल्या आहेत आणि तुमच्या टीममध्ये दुसरं कोणी सुट्टीवर नाही, असा सलग तीन आठवड्यांचा पट्टा शोधा. दिवाळीसाठी घरी पाहुणे येणार असतील तर तो काळ सोडा. आणि नवी तारीख आली की मग जा. पुन्हा पुन्हा ढकलत राहिलात तर कोर्टाचं ऐकून घेणं कमी होत जातं, आणि हजरच राहिला नाहीत तर पहिल्या वेळी २५० डॉलरपर्यंत, दुसऱ्यांदा ७५० आणि त्यापुढे १५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

त्या आठवड्यात रोज कोर्टात जाऊन बसावं लागतं असंही नाही. तुम्हाला ग्रुप नंबर दिलेला असतो. आदल्या संध्याकाळी वेबसाइट किंवा फोनवर बघायचं, आपला ग्रुप बोलावलाय का. पाचही दिवस ग्रुप बोलावलाच नाही, तरी तुमची ड्यूटी पूर्ण झाली असं धरतात आणि निदान वर्षभर परत बोलावत नाहीत. त्या आठवड्यात संध्याकाळी ग्रुप तपासणं हे काम घरातल्या एका माणसाकडेच ठेवा. नवऱ्याला वाटतं बायकोने बघितलं, बायकोला वाटतं नवऱ्याने बघितलं, असं फार वेळा होतं.

मुलांचं आणि वृद्धांचं कारण यापेक्षा वेगळं आहे, कारण ते दर वेळी तात्पुरतं नसतं. नियम असा आहे की ज्याला तुमचीच प्रत्यक्ष देखभाल लागते असं मूल, आजारी किंवा वृद्ध माणूस घरी असेल आणि तुमच्याऐवजी तशीच काळजी घेणारं दुसरं कोणी परवडण्याजोगं मिळत नसेल, तर सूट मागता येते. आजारी किंवा अपंग माणसाच्या देखभालीचं कारण असेल तर कोर्ट दाखला मागू शकतं. अंगावर पाजणाऱ्या आईला एक वर्षापर्यंत तारीख पुढे मिळते, आणि त्यासाठी कोर्टात जावंही लागत नाही. तुमचा धाकटा दिवसभर डेकेअरमध्ये असतो, त्यामुळे फक्त “मूल लहान आहे” एवढ्यावर सूट मिळेल असं मी सांगणार नाही. तुमची खरी अडचण संध्याकाळच्या पिकअपची आहे, आणि ती नवरा इथे असताना सुटते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. घर आणि मुलं हे कारण बायकांनी जपून वापरावं असं मला वाटतं, कारण त्याचा इतिहास चांगला नाही. १९६१ साली होइट विरुद्ध फ्लोरिडा या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं होतं की बाई ही अजूनही घर-संसाराच्या केंद्रस्थानी आहे, म्हणून ती स्वतःहून नाव नोंदवेल तरच तिला ज्यूरीला बोलवायचं ही फ्लोरिडाची पद्धत ठीक आहे. त्या खटल्यात नवऱ्याचा खून केल्याचा आरोप असलेल्या बाईला सगळ्या पुरुषांच्या ज्यूरीने दोषी ठरवलं होतं. ही भूमिका बदलायला १९७५ उजाडलं, टेलर विरुद्ध लुइझियाना खटल्यात. तुमच्या आईच्या पिढीत इथे हे असं होतं. म्हणून खरी अडचण असेल तर ती स्पष्ट सांगा, पण “मी आई आहे, मला कसं जमणार” या सुरात सांगू नका.

ऑफिसचं तुलनेने सोपं आहे. तुम्ही रीतसर आगाऊ कळवलं असेल तर ज्यूरी ड्यूटीसाठी गेल्याबद्दल मालक तुम्हाला काढू शकत नाही, त्रास देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाचा कायदाच तसा आहे. मात्र त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा अशी सक्ती इथे खासगी कंपनीवर नाही. तरी तुम्ही मासिक पगारावरच्या, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या नोकरीत आहात, आणि अशा नोकरीला फेडरल नियम लागू होतो: ज्या आठवड्यात तुम्ही थोडंसुद्धा काम केलंत, त्या आठवड्याच्या पगारातून ज्यूरीच्या दिवसांचे पैसे कापता येत नाहीत. कोर्टाकडून मिळालेला भत्ता तेवढा कंपनी वळता करून घेऊ शकते. बऱ्याच मोठ्या कंपन्या ज्यूरी ड्यूटीचा पूर्ण पगार देतात, त्यामुळे एचआरला मेल करण्याआधी कंपनीचं हँडबुक बघा. कोर्टाचा भत्ता किती, तर दिवसाला १५ डॉलर, तोही दुसऱ्या दिवसापासून, आणि शिवाय प्रवासाचे थोडे पैसे. पार्किंग आणि जेवणात तो संपतो. तासावर काम करणाऱ्या किंवा स्वतःचा छोटा धंदा असलेल्या माणसाला हे खरंच जड जातं, आणि अशांसाठी तीव्र आर्थिक अडचण हे सूट मिळण्याचं मान्य कारण आहे. तुम्हाला ते लागू होत नाही.

मॅनेजरला काय सांगायचं? “या आठवड्यात मला ज्यूरीला बोलावू शकतात, रोज आदल्या संध्याकाळी कळेल, आणि नेमणूक झाली तर पुढचे काही दिवस मी दिवसा उपलब्ध नसेन.” एवढंच. समन्सची प्रत जोडा. असेंब्ली रूममध्ये, म्हणजे ज्यूरीला बोलावलेले लोक थांबतात त्या खोलीत, थांबलेल्या वेळात बहुतेक ठिकाणी लॅपटॉप उघडून काम करता येतं. कोर्टरूममध्ये मात्र फोनसुद्धा बंद, तेव्हा तिथून स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, जोडून घेण्याचं वचन कोणाला देऊ नका.

आता कोर्टरूममध्ये काय होतं ते जरा नीट सांगते, कारण भीती त्याचीच असते. मोठा गट आत येतो, क्लार्क सगळ्यांना शपथ देते. जज खटल्याचं स्वरूप आणि तो साधारण किती दिवस चालेल ते सांगतात. मग विचारतात, इतके दिवस बसणं कोणाला खरोखर अशक्य आहे? काही ठिकाणी त्यासाठी लेखी फॉर्म देतात, काही ठिकाणी एकेकाला बोलतं करतात. इथे माणसं घसरतात. कोणी म्हणतं, “माझ्यावर घराची फार जबाबदारी आहे.” जज मान डोलावतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकावर घराची जबाबदारी असते. दुसरी बाई उभी राहून सांगते, “मुलगा चार वर्षांचा आहे. डेकेअर सहाला बंद होतं. नवरा पंधरा तारखेपर्यंत भारतात आहे. सासूबाईंचं ऑपरेशन आठ दिवसांपूर्वी झालंय आणि त्यांना एकटं ठेवता येत नाही. सोळा तारखेनंतर मी कुठल्याही खटल्याला बसू शकते.” ही पाच वाक्यं जजच्या कामाची आहेत. त्यात तारखा आहेत, आणि शेवटी बसायची तयारीही आहे. अशा माणसाला बहुतेक वेळा पुढची तारीख देऊन घरी पाठवतात. जजना कारण खरं आहे की नाही हे ओळखायचं असतं, आणि ठोस तपशील हीच त्याची खूण असते.

त्यानंतर आमची, वकिलांची पाळी. तुम्ही काय काम करता, नवरा काय करतो, घरात कोणी पोलिसात आहे का, तुमच्याबरोबर किंवा जवळच्या माणसाबरोबर कधी गुन्हा घडलाय का, पोलिसाने साक्ष दिली की ती इतरांच्या साक्षीपेक्षा खरी वाटते का, असे प्रश्न येतात. बरोबर उत्तर असं काही नसतं. एखादी गोष्ट सगळ्यांसमोर सांगवत नसेल, उदाहरणार्थ घरातली मारहाण किंवा जुना अत्याचार, तर “मला हे खासगीत सांगायचं आहे” एवढंच म्हणा. जज वेगळं ऐकून घेतात. “आरोपी आहे म्हणजे काहीतरी केलंच असणार” असं सुटण्यासाठी मुद्दाम बोलणारे आम्हाला पाहून पाहून पाठ झाले आहेत. शपथेवर खोटं बोलण्याचा धोका तर असतोच, शिवाय जज कधी कधी अशा माणसाला दिवसभर तिथेच बसवून ठेवतात.

मैत्रिणीचा इंग्रजीचा सल्ला याच कारणाने चुकीचा आहे. कायद्याला फक्त पुरेसं इंग्रजी समजणं लागतं, अस्खलित बोलणं किंवा इथल्यासारखे उच्चार नाही. रोज इंग्रजीत कोडचा रिव्ह्यू करणारी बाई “मला समजत नाही” म्हणाली तर ते शपथेवरचं खोटं आहे. शिवाय इथल्या कायद्याने नेमकी उलटी सोय केली आहे. वकिलांना कारण न देता काही ज्यूररना वगळता येतं. पण २०२२ पासून फौजदारी खटल्यांत, “याची मातृभाषा इंग्रजी नाही” किंवा “याला दुसरी भाषा येते” या कारणावरून वगळणं मुळातच अवैध धरलं जातं. म्हणजे तुमच्या मराठी वळणाच्या इंग्रजीला तिथे कायद्याचं संरक्षण आहे.

ज्यूरी म्हटलं की आपल्या लोकांना नानावटी खटला आठवतो. मला १९०८ सालचा टिळकांचा आठवतो. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावरांपुढे खटला चालला. केसरीतले लेख मराठी आणि ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. लेखांची इंग्रजी भाषांतरं ज्यूरीसमोर ठेवली गेली, आणि त्या भाषांतरांतल्या चुका दाखवण्यात टिळकांना आपल्या भाषणाचा बराच वेळ घालवावा लागला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले, सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी १८९७ सालच्या टिळकांच्याच खटल्यातही सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले होते आणि तीन भारतीय ज्यूरर निर्दोष. त्या बाकावर कोण बसतं याने काय होतं, हे आपल्याला आपल्याच इतिहासातून ठाऊक आहे. आज सॅन होजेच्या कोर्टात आरोपी म्हणून व्हिएतनामी दुकानदार असतो, मेक्सिकन मजूर असतो, कधी आपल्यातलाही कोणी असतो. लहान मुलांच्या आया, नव्याने नागरिक झालेले, रिलीजच्या गडबडीतले इंजिनिअर सगळेच निसटले, तर बाकावर उरतात ते निवृत्त लोक आणि ज्यांचा पगार चालू राहतो तेवढेच. फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, त्यामुळे तिथे एका माणसाचं नीट ऐकणंसुद्धा फार मोलाचं असतं. तुम्ही तिथे असावं असं मला वकील म्हणून वाटतं.

नेमणूक झालीच तर घरासाठी दोन गोष्टी. पहिली, खटल्याबद्दल कोणाशीही बोलायचं नाही. नवऱ्याशी नाही, पुण्याला व्हिडिओ कॉलवर आईशी नाही, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. गूगल करायचं नाही, एआयला विचारायचं नाही, घटनेची जागा बघायला जायचं नाही. यावरून कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते, आणि पूर्ण खटला पुन्हा चालवावा लागू शकतो. मी ज्यूरीवर आहे, अमुक वाजता सुटते, एवढं सांगायला हरकत नाही. साक्षीदार हिंदीत बोलला आणि दुभाषाचं भाषांतर तुम्हाला चुकीचं वाटलं, तर शेजारच्या ज्यूररला समजावू नका; लगेच बेलिफला (कोर्टरूमची व्यवस्था बघणारा कर्मचारी) किंवा क्लार्कला सांगा. निकालासाठी धरायचं ते दुभाषाचंच भाषांतर.

दुसरी, कोर्टरूमच्या क्लार्कचा थेट नंबर पहिल्याच दिवशी घ्या आणि नवऱ्यालाही देऊन ठेवा. समन्सवरचा नंबर ज्यूरी ऑफिसचा असतो, कोर्टरूमचा नाही. धाकट्याला ताप भरला किंवा डेकेअर अचानक बंद झालं तर त्या क्लार्कला सकाळी लवकर फोन करा. जज कधी थोडं थांबतात, कधी राखीव ज्यूररला तुमच्या जागी घेतात. न कळवता गैरहजर राहिलात तर अकरा ज्यूरर, साक्षीदार आणि आरोपी सगळे तुमच्यासाठी ताटकळतात.

दुपारी घरी सासूबाई एकट्या असतील, म्हणून हेही त्यांना आजच सांगून ठेवा: “तुमच्या सुनेने ज्यूरी ड्यूटी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा” असे फोन इथे सर्रास येतात, आणि बोलणारा पोलिसासारखाच बोलतो. कोर्ट कधीही फोनवर दंड मागत नाही, कार्डचा किंवा सोशल सिक्युरिटीचा नंबर विचारत नाही. फोन ठेवून द्यायचा आणि समन्सवर छापलेल्या नंबरवर तुम्हीच चौकशी करायची.